ट्रॅक्टरच्या विजेचे काम : आधी मोजा, मग खोला



मृगाचा पाऊस होऊन गेलेला असतो, रानाला वापसा आलेला असतो, बियाणे घरात येऊन पडलेले असते, आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर चालू होत नाही. किल्ली फिरवली की नुसते 'टक्' वाजते आणि गप्प. तुमच्यापैकी पुष्कळांवर हा प्रसंग आला असेल. कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो सेल्फ जळला. तालुक्याहून नवी बॅटरी येते, हजारो रुपये जातात, ती बसवली तरी ट्रॅक्टर पुन्हा 'टक्' करून गप्प! शेवटी एखादा जाणता कारागीर येतो. तो बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या अंगाला गेलेली अर्थची जाड वायर सोडतो, तिच्या टोकावरचा गंज पॉलिश पेपरने घासतो, नट आवळतो, आणि ट्रॅक्टर चालू होतो. काम पाच मिनिटांचे. पण तोवर दोन दिवस गेले, वापसा गेला आणि बॅटरीचे पैसेही गेले.

त्या कारागिराने वेगळे काय केले? त्याने अंदाज केला नाही, मोजून पाहिले. आजचे बोलणे या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी आहे. दोन-तीन एकरांवर दोन भावांचे भागत नाही हे तुम्ही जाणताच. गावोगाव ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली झाल्या आहेत. घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने हे काम नीट शिकले तर शेती सांभाळून पोटापाण्याची सोय होते. आणि स्वतः शिकायचे नसले, तरी खरा कारागीर कोणता हे तुम्हाला ओळखता यायला हवे.

पहिली गोष्ट, वीज कशी वाहते ते समजले पाहिजे. पाइपलाइनचे पाणी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. तसा विजेचा जोर व्होल्टमध्ये मोजतात. पाइपातून किती पाणी जाते, तसे वायरमधून किती वीज जाते ते अँपियरमध्ये मोजतात. आणि पाइपात गाळ अडकला की पाणी अडते, तसा वायरमधला अडथळा ओहममध्ये मोजतात. फरक एवढाच, की पाणी शेतात मुरते, वीज मात्र जिथून निघाली तिथे परत यावी लागते. बॅटरीच्या धन टोकातून निघालेली वीज दिवा पेटवते आणि ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगातून ऋण टोकाला परत येते. परतीची वाट बिघडली तरी दिवा लागत नाही. नवशिके जातीच्या वाटेवर शोधत बसतात आणि परतीची वाट, म्हणजे अर्थ, तपासायची विसरतात.

थोडा हिशेबही यायला हवा. साठ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर पाच अँपियर घेतो. दोन दिव्यांचे दहा झाले. त्यांना पंधरा अँपियरचा फ्यूज चालतो. तो वारंवार उडतो म्हणून तिथे तीसचा फ्यूज किंवा जाड तार घालणे म्हणजे वायरिंगला आग लावण्याची तयारी करणे. फ्यूज उडतो तो आपल्याला सावध करण्यासाठी. आधी शॉर्ट कुठे आहे ते शोधा.

सेल्फचा हिशेब याहून मोठा. तो इंजिन फिरवताना शंभराहून अधिक, कित्येकदा दोनशे-तीनशे अँपियर ओढतो. जोडावर गंजाचा अडथळा ओहमचा अवघा शंभरावा भाग असला, तरी दोनशे अँपियरला तिथे दोन व्होल्ट खर्ची पडतात. मग सेल्फ फिरेल कसा? एवढासा गंज मोठा ट्रॅक्टर अडवतो तो असा.

आता हत्यारे. सुरुवातीला पाने, पकड, वायर सोलण्याचे हत्यार, सोल्डरिंगचे सामान आणि एक साधा टेस्ट लॅम्प पुरतो. त्याला एक मल्टिमीटर आणि बॅटरीच्या पाण्यासाठी हायड्रोमीटर यांची जोड द्यावी. पण मीटर नुसता खिशात ठेवून उपयोग नाही, आकडे वाचता आले पाहिजेत. हे आकडे पाठच करा.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ व्होल्टच्या खाली गेली तर ती रिकामी होत आली असे समजा. हायड्रोमीटरवर भरलेल्या घराचे पाणी १.२६ ते १.२८ दाखवते. पाच घरे ठीक आणि एकच खाली असेल, तर ते घर बसले आहे. किल्ली मारताना बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू असूनही आकडा साडेबारावरच राहिला, तर अल्टरनेटर किंवा डायनामो बॅटरी भरत नाही. आधी पट्टा सैल आहे का पाहा. आकडा पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरी उकळते आणि पाणी लवकर आटते.

आता त्या 'टक्' वाजणाऱ्या ट्रॅक्टरकडे परत जाऊ. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पुढचे दिवे लावा आणि दुसऱ्याला चालकाच्या जागेवर बसवून किल्ली मारायला सांगा. दिवे लख्खच राहिले, तर दोष बहुधा सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये किंवा सेल्फमध्ये. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी तरी उतरली आहे किंवा जोड तरी खराब आहेत. दोहोंतले कोणते, हे मीटर सांगतो. किल्ली मारताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर परतीच्या वाटेत गंज आहे. हीच तपासणी धन टोकापासून सेल्फपर्यंतच्या जाड वायरवर करा. या कामाला एक पैसाही लागत नाही, आणि एकही नट खोलण्याआधी दोष कोणत्या बाजूला आहे ते कळते.

हाताचे कौशल्यही लागते. दोन वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी लावली, तर पहिल्या पावसात जोड हिरवा पडतो. योग्य जाडीची वायर, दाबून किंवा सोल्डर करून पक्के केलेले टोक, त्यावर रबरी नळी, आणि वायर सायलेन्सरपासून लांब बांधलेली, असे काम वर्षानुवर्षे टिकते. कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे जाते याचा नकाशा वाचता यावा. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत धन टोक अर्थला असते. तेव्हा बॅटरी जोडण्याआधी पाहून घ्यावे.

बंधूंनो, आता सांगतो ते जिवाशी संबंधित आहे. किल्लीने चालू होत नाही म्हणून खाली उभे राहून सेल्फच्या दोन टोकांना स्क्रू ड्रायव्हर किंवा पाना लावून ट्रॅक्टर चालू करण्याची खोड आपल्याकडे फार आहे. चुकून गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे येतो, आणि मागचे चाक उभ्या माणसावरूनच जाते. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. स्वतः असे करू नका आणि कारागिरालाही करू देऊ नका. आपल्या मुलाने हे काम शिकताना पहिल्या दिवशी हेच शिकावे.

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. तिथे विडी-काडी नको, खोली मोकळी हवी. बॅटरी काढताना अर्थचे टोक आधी सोडा आणि जोडताना ते शेवटी लावा. हातातले कडे, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवा. बॅटरीत गंधकाचे आम्ल असते. ते डोळ्यांत उडाले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. घरात भरायचे ते डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नव्हे. अल्टरनेटरच्या ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन चालू असताना सोडू नका. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करायचे असेल, तर ट्रॉली सोडा किंवा आधी बॅटरी सोडा. नाहीतर अल्टरनेटर जळण्याचा धोका असतो.

काळही बदलतो आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारगाड्यांना भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले, आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही कडक नियम आले. अशा इंजिनांत डिझेल किती सोडायचे ते बहुधा संगणक ठरवतो. तिथे टेस्ट लॅम्प लावला तर नाजूक भाग जळू शकतो. मीटर आणि स्कॅनरच हवा. पण स्कॅनर सांगतो तो दोषाचा क्रमांक. त्यामागे तुटलेली वायर आहे की गंजलेला जोड, हे माणसालाच शोधावे लागते. म्हणून पाया तोच, आधी मोजा, मग खोला.

हे शिकायचे कुठे? दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय. टी. आय. मध्ये, मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा आणि मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. ट्रॅक्टरचा आणि गाड्यांच्या विजेच्या कामाचा वेगळा अभ्यासक्रमही काही ठिकाणी असतो. जवळच्या संस्थेत चौकशी करावी. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये विद्यावेतनावर शिकता येते. मुलाला सरळ गॅरेजात घालायचे असेल, तर उस्ताद पाहून घाला. जो मोजल्याशिवाय सुटा भाग बदलतो, त्याच्याकडे मुलगा भाग बदलायलाच शिकेल.

जाता जाता एवढेच सांगतो. पुढच्या वेळी ट्रॅक्टर अडला आणि कोणी म्हणाले, "नवी बॅटरी आणा," तर शांतपणे विचारा, "भाऊ, किती व्होल्ट आले?" ज्याच्याजवळ उत्तर असेल त्याला काम द्या. आणि मृगाची वाट न पाहता वैशाखातच बॅटरीचे पाणी पाहा, टोके घासा, त्यांना थोडे ग्रीस लावा आणि अर्थचा नट आवळा. म्हणजे वापसा आला की ट्रॅक्टर तुमची वाट पाहील, तुम्हाला त्याची वाट पाहावी लागणार नाही.