भातखाचराकडेचा झेब्राफिश



पहिल्या पावसात ओढे भरले की कोकणात माणसं कंदील घेऊन चढणीचे मासे धरायला निघतात. आजचा मासा कोकणातला नाही, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. पण पावसाची वाट तोही तशीच पाहतो. ओढ्याचं पाणी पसरून भातखाचरांत शिरलं की तो त्या उथळ पाण्यात येतो आणि तिथं अंडी घालतो.

लांबी जेमतेम दीड इंच. रुपेरी अंगावर शेपटीपर्यंत गेलेल्या निळ्या रेघा, म्हणून नाव झेब्राफिश. रोहू-कटल्याचा हा दूरचा भाऊबंद. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं 1822 साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढं तो शोभेच्या टाकीत गेला, आणि शास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या 1981 सालच्या संशोधनानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं.

कारण त्याचं अंडं काचेसारखं आरपार दिसतं. चोवीस तासांच्या आसपास आत इवलंसं हृदय धडधडू लागतं. पूर्ण वाढलेल्या माशाच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला, तरी दोन महिन्यांत तो भरून येतो! माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात जोड सापडते.

एवढं सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्याचं घर मात्र किती जणांनी पाहिलंय? संथ, नितळ पाणी, काठाला गवत, तळाला बारीक खडी. ही खडी फार मोलाची. अंडी तिच्या फटींत पडली तर वाचतात, उघड्यावर राहिली तर त्यांचे आईबापच ती खातात. ओढ्यातली खडी उपसली, गाळानं फटी बुजल्या, की पुढची पिढी तिथंच अडते.

हा मासा संकटग्रस्तांच्या यादीत नाही, म्हणून त्याच्या ओढ्याकडे कुणी पाहत नाही. प्रयोगशाळेत लाखो आहेत ना, असं म्हणून भागणार नाही; प्रयोगशाळेतला मासा ओढ्यातल्या माशासारखा राहिलेला नाही. नर की मादी हे ठरवणारी गुणसूत्रावरची खूण 2014 साली शास्त्रज्ञांनी शोधली. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दोन वाणांत ती उरलेली नव्हती. बंगालमधून आणलेल्या माशांत ती शाबूत होती.