महागडे क्रमांक आणि दूरसंचार ग्राहक

ज्या क्रमांकावर संदेश किंवा कॉल केल्यास नेहमीपेक्षा जास्त आकार लागतो आणि त्यातील वाटा सेवा देणाऱ्या दुसऱ्या कंपनीला मिळतो, त्याला वाढीव दराचा क्रमांक म्हणतात. २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ कार्यक्रमातील प्रेक्षकांच्या स्पर्धेत उत्तराच्या प्रत्येक संदेशाला २ रुपये ४० पैसे आकारले गेले. बक्षिसाचा खर्च या उत्पन्नातूनच भागवला जातो, असा आक्षेप ग्राहकांच्या बाजूने घेतला गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये १ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, परंतु तो पुढे सर्वोच्च न्यायालयात पुराव्याअभावी टिकला नाही.

एकट्या ग्राहकाची स्थिती अधिक बिकट होती. १९९७ मध्ये स्थापन झालेले दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. त्यातच २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या तार कायद्यातील कलम ७ब चा आधार घेऊन अशा वादांसाठी सरकारनियुक्त लवादाकडे बोट दाखवले, त्यामुळे ग्राहक मंचाचे दार जवळजवळ बंदच झाले. किरकोळ रकमेसाठी लवाद मागायला कोण जाणार? हा अडथळा न्यायालयानेच फेब्रुवारी २०२२ मध्ये दूर केला.

त्यामुळे संमतीवाचून सुरू झालेल्या सशुल्क सेवेबद्दल धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या ग्राहकाला कंपनीचे तक्रार केंद्र आणि नंतर तिचे अपील प्राधिकरण यांच्याकडे दाद मागता येते, शिवाय धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मात्र कपातीचा संदेश आणि तक्रार क्रमांक जपून ठेवलेला असावा.