'नाही' म्हणता, तर कागदावर लिहून द्या

आमच्या गटाची गाडी घाटात बंद पडल्याचं गावभर झालं. तेव्हापासून भेटेल ती विचारते, "मग डीलरनं पैसे दिले का गं?" दर वेळी पहिल्यापासून सांगून तोंड दुखलं, म्हणून आज रेडिओवर एकदाच सांगतो.

आमचा गट पापड-मसाल्याचा. संगमनेरहून नारायणगावच्या बाजाराला एसटीत पोती चढवून कंटाळलो, तेव्हा गटातून कर्ज काढून एका सदस्येच्या नावावर जुनी गाडी घेतली. 2 लाख 10 हजारांची. नाशिकच्या डीलरनं इंजिन आणि गिअरबॉक्सची सहा महिन्यांची वॉरंटी दिली. पुस्तिका इंग्रजीत. गटाच्या ठरावावर सही करताना दहा प्रश्न विचारणाऱ्या आम्ही, तिथं मात्र न वाचता सही करून पेढे वाटले.

चौथ्या महिन्यात चंदनापुरी घाट चढताना काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. चालवत होती आमच्यातल्याच एकीची सून. तिनं तिथंच गाडी बाजूला घेऊन बंद केली, आणि काट्याचा, किलोमीटरचा फोटो काढला. तो फोटो पुढं फार कामाला आला. मेकॅनिकनं ऑइलची पट्टी ओढून दाखवली. ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. "हेड गॅस्केट गेलं. 38 हजार धरून चाला," म्हणाला.

डीलरला फोन केला. तो म्हणाला, "तापलेली गाडी तुम्ही तशीच हाकली. सर्व्हिसिंगही आमच्याकडं केलं नाही. वॉरंटीत बसत नाही." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी आम्ही मेकॅनिकला "खोला इंजिन" म्हणणारच होतो. बाजार बुडत होता ना! पण खजिनदारबाईंची लेक कॉलेजात शिकते. ती म्हणाली, थांबा, आधी पुस्तिका वाचू. पाटावर बसून तिनं ओळ न ओळ मराठीत सांगितली. गॅस्केट वॉरंटीत होतं. रबरी पाइप नव्हते. सर्व्हिसिंग कुठंही चालत होतं, फक्त पुरावा हवा होता. आणि डीलरच्या माणसानं पाहण्याआधी इंजिन खोललं, तर दावा बाद! आम्ही आपल्याच हातानं दावा घालवणार होतो.

आता पुराव्याचं. ऑइल बदललं होतं, पण बिल घेतलं नव्हतं. ही चूक आमचीच. एका शहाण्यानं सुचवलं, मागच्या तारखेचं बिल करून घ्या. आम्ही नको म्हटलं. एक खोटा कागद सापडला की खऱ्या दहा कागदांना कोण विचारतो? मग आठवलं, मेकॅनिकला पैसे फोनवरून दिले होते. फोनमध्ये तारीख सापडली, गटाच्या वहीत तोच खर्च त्याच तारखेला सापडला. दर बैठकीला वही लिहायचा कंटाळा करणाऱ्या बायका त्या दिवशी वहीला हात जोडत होत्या.

मग पत्र लिहिलं. कोणत्या अटीखाली नाकारता ते लेखी द्या. माणूस पाठवा, आमच्यासमोर इंजिन खोला, तोवर आम्ही हात लावणार नाही. सोबत फोटो, वहीच्या पानाची झेरॉक्स. पत्र पोचपावतीसह टपालानं पाठवलं, व्हॉट्सअॅपवरही टाकलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर काही नाही.

आठ दिवसांनी 1915 लावला. ही सरकारची ग्राहक हेल्पलाइन. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार नोंदवून पुढच्यापर्यंत पोचवतात. आम्हाला एकच धास्ती होती, प्रकरण वाढलं तर नाशिकच्या चकरा कोण मारणार? तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते, म्हणजे आमची नगरला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. आणि पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणारीलाही कायदा ग्राहकच म्हणतो. हे सगळं आम्ही दुसऱ्या पत्रात लिहिलं.

बाराव्या दिवशी डीलरचा माणूस आला. इंजिन त्याच्यादेखत खोललं. हेडच्या कडेला जुना, वाळलेला सीलंट निघाला. म्हणजे आमच्याकडं येण्याआधीच ते इंजिन कुणीतरी खोलून, चिकटवून बसवलेलं. माणूस काही बोलला नाही, नुसता फोटो काढत राहिला. आमची सूनबाई त्याच्या फोटोचाही फोटो काढत होती.

गॅस्केटचं सामान आणि मजुरी डीलरनं दिली. फुटका रबरी पाइप आमच्या पैशानं, गाडी ओढून आणायचे 2,500 आमचे, आणि तीन बाजार बुडाले ते वेगळेच. त्यासाठी आयोगात जायचं का, यावर बैठकीत दोन तट पडले. अर्ध्याजणी म्हणतात, मिळालं ते घेऊन धंद्याला लागू. अर्ध्याजणी म्हणतात, मुदत आहे, सोडायचं कशाला? सगळं मिटलं असं लिहून मात्र आम्ही दिलेलं नाही. जुनं गॅस्केट पिशवीत बांधून, कागदांसकट गटाच्या पेटीत ठेवलंय. येत्या बैठकीत पुन्हा विषय निघणारच. तोवर गाडी नारायणगावला जातेय, आणि ऑइलचं बिल आता सूनबाई मागून घेते.