परक्या घरचे पान



परदेशी शिक्षणावर बोलावयाचे म्हटले की वक्ता बहुधा विद्यापीठापासून आरंभ करतो. आम्ही आज स्वयंपाकघरापासून करणार आहोत. कारण आमचे खरे शिक्षण तेथेच झाले.

२००८ साली विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेतून आम्ही एका वर्षासाठी स्पेनमधील आल्काला दे एनारेस या गावी गेलो. माद्रिदच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरांवरचे हे जुने विद्यानगर. कार्डिनल सिस्नेरोस यांनी १४९९ मध्ये येथे विद्यापीठाचा पाया घातला. ‘डॉन किहोते’चा कर्ता सर्वांतेस याच गावचा, १५४७ साली त्याचा बाप्तिस्मा येथे झाला. गावातील मनोऱ्यांवर करकोच्यांची मोठमोठी घरटी असतात. आमचे घरटे मात्र एका कुटुंबात होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, तिची मुलगी, जावई आणि शाळकरी नात, एवढी माणसे. राहण्याजेवण्याचे पैसे दरमहा ठरलेले होते. त्यामुळे आम्ही स्वतःला भाडेकरू समजत होतो. घरची माणसे आम्हांला काय समजत होती, हे कळावयास काही महिने लागले.

पहिली अडचण जेवणाच्या वेळेची. दुपारचे जेवण अडीच-तीनला आणि रात्रीचे साडेनऊला! याला स्वभावाइतकेच घड्याळही कारण आहे. स्पेन सूर्याच्या हिशेबाने लंडनच्या रांगेत बसतो. परंतु १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत घड्याळे एक तास पुढे सारून जर्मनीच्या वेळेशी जुळवली गेली, ती पुन्हा मागे आली नाहीत. आम्हांला हे ठाऊक नव्हते. आम्ही सात वाजता खोलीत बिस्किटे खाऊन घेत असू आणि जेवणाच्या वेळी ‘भूक नाही’ म्हणून अंग काढून घेत असू. यात कोणाला त्रास नको, हीच आमची भावना होती. सभ्यपणाने माणूस किती दुरावतो, याची आम्हांला कल्पना नव्हती.

दुसरी अडचण अधिक बिकट. आम्ही शाकाहारी. ‘मांस नको’ असे आम्ही सांगितले होते. पण तेथील बोलण्यात ‘मांस’ म्हणजे मांसाचा तुकडा. चवीपुरते घातलेले डुकराचे मांस कित्येकांच्या हिशेबात धरले जात नाही. एके दिवशी आजीने मसुरांची आमटी केली. तिच्यात चोरिझोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तांबड्या सॉसेजचे, तुकडे होते. “ते बाजूला काढून खा,” असे जावई म्हणाले. आम्ही ताटली हळूच पुढे सारली आणि चारचारदा आभार मानले. आजी काही बोलली नाही. ताटली उचलून आत गेली.

त्या संध्याकाळी तिच्या मुलीने आम्हांला जवळ बसवून सांगितले. आजीचे बालपण माद्रिदमध्ये गेले. नोव्हेंबर १९३६ पासून मार्च १९३९ पर्यंत ते शहर वेढ्यात होते. प्रजासत्ताकाचे पंतप्रधान नेग्रिन हे व्यवसायाने डॉक्टर; म्हणून रोजच्या मसुरांना लोक ‘डॉक्टर नेग्रिनच्या गोळ्या’ म्हणत. युद्ध संपले तरी भूक संपली नाही. शिधापत्रिका १९५२ पर्यंत चालल्या. ज्या बाईने मसूर मोजून खाल्ले, तिच्यापुढे आम्ही भरलेली ताटली परत केली होती! आमच्या घरातही १९७२ च्या दुष्काळातील मिलोच्या भाकरीची गोष्ट सांगितली जाते आणि पानात टाकलेले चालत नाही. तरी हे आम्हांला सुचले नाही. परक्या देशातील म्हाताऱ्या माणसाला आपल्या आजीसारखाच भूतकाळ असेल, असे मनातच येत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मसूर झाले. शेगडीवर दोन भांडी होती. लहान भांड्याकडे बोट दाखवून आजी म्हणाली, “याचा रोजच शुक्रवार!” शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा कॅथलिक रिवाज जुना आहे. डॉन किहोतेच्या घरीही शुक्रवारी मसूरच शिजत, हे सर्वांतेसने कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात नोंदवून ठेवले आहे. आमचे व्रत आजीने आपल्या पंचांगात बसवून घेतले. आम्ही तिच्यासाठी काय केले? रात्री साडेनऊपर्यंत उपाशी राहावयास शिकलो, एवढेच.

जेवण झाल्यावर ते लोक लगेच उठत नाहीत. तास तास मेजाशी गप्पा चालतात. तिला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. वर्गात आम्ही व्याकरण शिकलो, परंतु भाषा शिकलो ती या बैठकीत. आजीशी आम्ही आदरार्थी ‘उस्तेद’ने बोलत असू. एकदा गोष्ट ऐकताना भान सुटले आणि घरच्या सवयीने आम्ही तिला ‘तू’ म्हणून बसलो. आम्ही चपापलो. पण स्पॅनिशमध्येही तो शब्द ‘तू’च आहे. आजी हसली आणि म्हणाली, “आता आलास घरी.”

श्रोतेहो, मुलगा परदेशी निघाला की आपण विमा, व्हिसा, शिष्यवृत्ती यांची चौकशी करतो. तेथे कोणाच्या पंक्तीला बसणार आणि कसे बसणार, हे कोणी विचारीत नाही. आणि उलट बाजूही पाहावी. पुण्यात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला खिडकीतून डबा देणारी मुलगी डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या सिंबायोसिसचे मूळ त्या डब्यात आहे. आपल्या गावातही दूरदेशची, दूरप्रांतांची मुले शिकावयास येतात. त्यांना आपण खोली देतो, भाडे घेतो. त्यांच्यासाठी शेगडीवर दुसरे लहान भांडे आपल्यापैकी किती घरांत चढते?

हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारीत आहोत. आजीच्या ऋणाची फेड आल्कालात होणे नाही; ती येथेच व्हावयाची आहे.