शनवार तेल्यांच्या गावी आपले स्वागत
(इतिहास परिषदेच्या अलिबाग अधिवेशनातील स्वागताध्यक्षांचे भाषण)



अष्टागराच्या या भूमीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. कोणी वडखळची वाहतूक कोंडी सोसून आलात, कोणी मांडव्याच्या लाँचने. आपण आलात, अलिबाग धन्य झाले.

समोर समुद्रात उभा आहे तो छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधलेला कुलाबा किल्ला. सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी गावातच आहे, तिचे दर्शन घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये. मुंबईत विजेच्या ट्राम आल्या की नोंदी बिघडतील, म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे आली. दोन महायुद्धांत युरोपच्या सरहद्दी हलत होत्या, त्या काळातही आमच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत राहिल्या.

अधिवेशनाचा विषय आहे, ‘महायुद्धोत्तर सरहद्दी आणि ज्यू अल्पसंख्याकांचे राजकारण’. हा विषय अलिबागला का, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर आमच्या इस्रायल आळीत आहे. बेने इस्रायल या इथल्या ज्यू समाजाचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी इथे तेलाचे घाणे चालवले, गावांची आडनावे घेतली, मराठी हीच मातृभाषा मानली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आळीतले ‘मागेन अवोत’ सिनेगॉग १८४८ चे आहे.

याच समाजातल्या एका पुरुषाची आठवण आज मला मुद्दाम करायची आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर. आडनावातच आमचे किहीम गाव आहे. मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी १८७५ साली शाळा उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. माझगावातल्या आजच्या सर एली कदूरी शाळेचे मूळ तेच. रूढी, सण, घराणी, लोकांच्या तोंडच्या कथा गोळा करून १८९७ पर्यंत त्यांनी बेने इस्रायलांचा इतिहास इंग्रजीत लिहून काढला. तो छापलेला पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ज्या तालुक्याचे नाव त्यांनी जगाच्या ग्रंथालयांत नेले, त्या तालुक्यात आज किती मुलांना केहिमकर ठाऊक आहेत?

तो ग्रंथ १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. संपादक होते डॉ. इमॅन्युएल ओल्सवांगर. त्यांचा जन्म ग्रायेवोचा. त्या वेळी ते गाव रशियन साम्राज्यात होते, पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये गेले. किहीमच्या माणसाचे हस्तलिखित ग्रायेवोच्या माणसाने जगापुढे आणले. आपल्या विषयाशी अलिबागचे नाते असे जुळते, आणि ते आम्हाला अभिमानाचे वाटते.

तपशिलाचा अधिकार आपणा विद्वानांचा. मी वाचले तेवढ्यातले एक उदाहरण सांगतो. पूर्व युरोपातले विल्ना शहर १९१९-२० च्या धामधुमीत बोल्शेविक, पोलिश, लिथुआनियन अशा हातांतून फिरले आणि १९२२ साली पोलंडला जोडले गेले. तिथले डॉक्टर याकूब विगोड्झकी आधी लिथुआनियाच्या सरकारात ज्यू व्यवहारांचे मंत्री होते. पुढे तेच पोलंडच्या संसदेत निवडून गेले. त्यांनी गाव सोडले नव्हते, सरहद्दच त्यांच्यावरून सरकली होती. लिथुआनियाच्या बाजूने बोलावे तर पोलंड गद्दार म्हणणार, पोलंडच्या बाजूने बोलावे तर लिथुआनिया. अशा कात्रीतही त्यांनी आपल्या लोकांच्या शाळांसाठी आणि हक्कांसाठी लढा दिला. १९४१ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, जर्मन अंमलात विल्नाच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

अशा लोकांसाठी कागदावर संरक्षणही होते. २८ जून १९१९ रोजी पोलंडने अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या करारावर सही केली. त्याच्या अकराव्या कलमात ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीला संरक्षण होते. त्याच वर्षअखेरीस पोलंडने रविवारच्या सक्तीच्या सुट्टीचा कायदा केला, आणि शनिवार पाळणाऱ्या दुकानदाराची कमाई आठवड्यातले दोन दिवस बुडू लागली. १९३४ साली तर पोलंडने या करारावरील राष्ट्रसंघाच्या देखरेखीलाच नकार दिला. जो शनिवार तिथे आंतरराष्ट्रीय कराराने टिकला नाही, तो इथे शेजाऱ्यांनी कराराविना मानला. कायदा हवाच, पण शेजाऱ्याचे मन सोबत नसेल तर कायदा एकटा पडतो, असे माझे ठाम मत आहे.

आता व्यवस्थेविषयी. अलिबाग लहान गाव आहे. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते, त्यामुळे सर्वांची सोय एका ठिकाणी करता आली नाही. काहींना चोंढी-किहीमकडे उतरावे लागले, त्यांच्यासाठी सकाळी सात वाजता गाड्या निघतील. पाणी जपून वापरावे, वीज गेल्यास जनरेटर आहे. किल्ल्यावर जाणाऱ्यांनी ओहोटीची वेळ स्वयंसेवकांना विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे. जेवणात वालाचे बिरडे आणि आमचा पांढरा कांदा आहे, मासे खाणाऱ्यांची पंगत वेगळी. कुठे काही उणे राहिले तर माणसे कमी पडली असे समजा, आपुलकी कमी पडली असे समजू नका.

सभागृह देणारी शिक्षण संस्था, नारळ आणि तांदूळ पाठवणारे बागायतदार, कोळीवाड्यातली मच्छीमार मंडळी, मंडपाचे पैसे न घेणारे व्यावसायिक, नाव सांगू नका अशी अट घालून मोठी देणगी देणारे दाते, मुंबईहून मदत पाठवणारी बेने इस्रायल कुटुंबे, पहाटेपासून राबणारी महाविद्यालयाची मुलेमुली आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, या सर्वांचे ऋण मी मान्य करतो. नगरपालिका आणि पोलीस यांचाही मी आभारी आहे.

अखेरीस एक विनंती. इस्रायल आळीतली कित्येक घरे आज बंद आहेत. कोणाच्या माळ्यावर, पेटीत जुनी पत्रे, कीर्तनाच्या वह्या, लग्नपत्रिका असतील तर त्या रद्दीत घालू नका, परिषदेच्या कार्यालयात आणून द्या. आणि अभ्यासकांनो, परतण्यापूर्वी नवगावच्या जुन्या दफनभूमीला एकदा अवश्य भेट द्या.