हातावरची बाही नेमकी किती दाबते?

 

आज बोलू या सुजलेल्या हाताबद्दल. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये पुष्कळदा काखेतल्या गाठीही काढतात. लसिका नावाचा पाण्यासारखा द्रव त्या गाठींतून गाळला जाऊन पुढे जातो. ती वाट तुटली की तो हातात साचतो. कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी हात जड होतो, बांगड्या रुततात, ब्लाऊजची बाही चढत नाही. याला लिम्फेडेमा म्हणतात. यात ना कुणाची नजर, ना बाईची चूक.

यावर डॉक्टर घट्ट लवचिक बाही देतात. ही बाही म्हणजे औषधच, आणि औषधाला मात्रा असते. इथं मात्रा म्हणजे दाब. बीपी मोजतो त्याच मापात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, हा दाब सांगतात. हाताच्या बाहीला बरेचदा 20 ते 30 दाब सांगतात; पण तुमचा आकडा डॉक्टरच ठरवतील. दाब कमी पडला तर सूज हटत नाही. जास्त झाला तर रक्त अडतं.

हा दाब मोजतात कसा? कातडी आणि बाही यांच्यामध्ये हवेची छोटी, चपटी पिशवी ठेवतात. तिची नळी यंत्राला जोडलेली असते, त्यावर आकडा दिसतो. इलॅस्टिकचा ताण सारखा असला तरी बारीक मनगटावर दाब जास्त पडतो, जाड दंडावर कमी. तसंच हवं. खाली जास्त, वर कमी, म्हणजे पाणी वर सरकतं. म्हणूनच बाहीचं वरचं टोक दुमडू नका. दोन पदर झाले की तिथला दाब जवळपास दुप्पट होतो आणि दोरी आवळल्यासारखं होतं.

असं यंत्र गावात मिळणार नाही, पण शिलाईची टेप घरोघर आहे. सकाळी उठल्यावर मनगट, कोपराच्या खाली आणि दंड, दोन्ही हातांचं माप घ्या. दर वेळी त्याच जागी मोजा आणि वहीत लिहा. दोन्ही हातांत 2 सेंटिमीटरचा फरक दिसला, तर थांबू नका. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा जिथं ऑपरेशन झालं तिथं ती वही दाखवा. बाही घेताना विचारा, "ही किती दाबाची?" दुसरीची बाही मागून घालू नका.

बाही रोज धुवा, पण पिळू नका, सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग नवी लागते. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा दुखलं तर लगेच काढा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कापूस वेचताना बोंडाची टोकं लागतात, तेव्हा हातमोजे घाला.

तुमच्या गटात अशी एखादी असेल, तर तिच्या हाताचं माप घ्यायला तुम्हीच बसा. एका हातानं टेप धरता येत नाही, बायांनो.