उच्च शिक्षणाची तजवीज



१९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची होती. खर्चाची तजवीज संस्थानाने वेळेवर केली.

आज साहाय्याचे मार्ग वाढले आहेत. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीचीही तरतूद आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सामाईक प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते.

तरीही गुणवंत मुले कागदांपाशी अडतात. उत्पन्नाचा दाखला मुदतीनंतर हाती येतो. आधार आणि गुणपत्रिकेवरील नावे जुळत नाहीत. ही कामे अकरावीतच उरकावीत. महाराष्ट्राबाहेर स्थायिक कुटुंबांनी शिष्यवृत्तीसाठी कोणत्या राज्याचा अधिवास लागतो, हेही तेव्हाच पाहावे.

हीरकमहोत्सवानिमित्त शाळेला इमारतनिधी मिळेलच. त्याबरोबरच प्रत्येक माजी विद्यार्थ्याने दरवर्षी एका मुलाशेजारी बसून त्याचा अर्ज पूर्ण करून द्यावा. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात निघाले आहे, त्या घराला एवढा आधारही पुरेसा ठरतो.